हायरचे डिजिटल रूपांतर आणि नेतृत्वाची कथा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांमध्ये अलीकडच्या काळात जी उदाहरणे वारंवार शिकविली जातात, त्यांत चीनमधील चिंगदाओ येथील 'हायर' या गृहोपयोगी उपकरणे बनविणाऱ्या उद्योगसमूहाचे उदाहरण आवर्जून येते. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यांसारख्या वस्तू तयार करणारा, बुडीत निघालेला एक कारखाना जगातील अग्रगण्य उत्पादक कसा झाला आणि त्याने माहिती-तंत्रज्ञानाच्या आधारे आपली संपूर्ण रचना कशी पालटली, याची ही कथा होय. कथेला नायक आहे, संकट आहे, विजय आहे. प्रस्तुत लेखकानेही ती अनेक वर्षे वर्गात रंगवून सांगितली आहे. परंतु जी कथा सांगताना आपल्याला एकदाही अडखळावे लागत नाही, तिच्याविषयी अध्यापकाने थोडे सावध असावे असे वाटते. ही कथा खोटी नाही. ती एका बाजूने सांगितलेली आहे. प्रस्तुत लेखात तिची दुसरी बाजू पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

हातोड्यापासून हिशेबापर्यंत

डिसेंबर 1984 मध्ये झांग रुईमिन यांची चिंगदाओच्या फ्रिज कारखान्याचे संचालक म्हणून नेमणूक झाली. जर्मनीच्या लिबहेर कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार झाला. 'हायर' हे नावही त्या जर्मन नावाच्या चिनी उच्चारातूनच आले. 1985 मध्ये 76 फ्रिज सदोष आढळले, तेव्हा झांग यांनी ते दुरुस्त करून सवलतीत विकण्याऐवजी कामगारांच्याच हातांनी हातोड्याने फोडून टाकावयास लावले. फ्रिज ही त्या काळी चिनी कामगाराच्या आवाक्याबाहेरची वस्तू होती, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाची धग कळते. तो हातोडा पुढे बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला.

या प्रसंगाकडे गुणवत्तेचा धडा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आदेश एकाचा होता आणि हातोडा दुसऱ्याच्या हातात होता. चुकीची जबाबदारी ती करणाऱ्या व्यक्तीपर्यंत नेऊन पोहोचविणे, हे सूत्र हायरच्या पुढील साऱ्या वाटचालीत टिकून राहिले. डिजिटल तंत्रज्ञानाने ते बदलले नाही. केवळ हातोड्याच्या जागी हिशेब आणला.

1998 पासून हायरने 'बाजार-साखळी' नावाने कामकाजाची पुनर्रचना आरंभिली. एका विभागाने दुसऱ्या विभागाला आपला ग्राहक मानावे, असे तिचे स्वरूप होते. 2005 मध्ये या विचाराला 'रेनदानहेयी' हे नाव मिळाले. 'रेन' म्हणजे माणूस, 'दान' म्हणजे मागणी अथवा ग्राहकाला मिळणारे मूल्य आणि 'हेयी' म्हणजे एकरूप होणे. प्रत्येक कर्मचाऱ्याचा थेट ग्राहकाशी संबंध जोडावा आणि त्याचे उत्पन्न त्याने निर्माण केलेल्या मूल्यावर ठरावे, अशी ही कल्पना आहे. तिचा कळस सूक्ष्म-उद्यमांच्या रचनेत झाला. गॅरी हॅमेल व मिशेल झानिनी यांनी 2018 मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त या रचनेचे वर्णन केले, तेव्हा हायरमध्ये असे 4,000 हून अधिक उद्यम होते आणि बहुतेकांत दहा-पंधरा माणसे होती. हे गट एकमेकांशी करार करतात, सेवा विकत घेतात, लक्ष्य गाठले तर वाटा घेतात. न गाठल्यास त्यांचा प्रमुखही बदलला जाऊ शकतो.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे रोनाल्ड कोस यांचा 1937 चा निबंध आठवल्यावाचून राहणार नाही. प्रत्येक कामासाठी बाजारात जाऊन किंमत शोधणे व करार करणे खर्चिक असते, म्हणून कंपनी नावाची संस्था अस्तित्वात येते, असे कोस यांनी मांडले होते. हायरने हा बाजार पुन्हा कंपनीच्या आत आणला. हे शक्य झाले ते तत्त्वज्ञानामुळे नव्हे. हजारो लहान करारांची नोंद, देवाण-घेवाण व ताळेबंद ठेवण्याचा खर्च संगणकीय व्यवस्थेने अत्यल्प केला, म्हणून ते शक्य झाले. झांग यांच्या ताओ-विचाराविषयी भरभरून लिहिणारे या साध्या कारणाकडे पुरेसे लक्ष देत नाहीत. कागदी खतावण्यांवर रेनदानहेयी एक महिनाही चालली नसती.

आता या रूपांतराची किंमत पाहू. 2013 या एका वर्षात हायरची कर्मचारीसंख्या सुमारे 86,000 वरून 70,000 वर आली. मधल्या फळीतील हजारो व्यवस्थापकांपुढे दोनच वाटा होत्या : स्वतःचा उद्यम उभारणे किंवा बाहेर पडणे. या माणसांचे पुढे काय झाले, हा प्रश्न हायरविषयीच्या बहुतेक लेखनात ओझरता येतो. 'नोकरशाहीचा अंत' हे शब्द ऐकायला गोड वाटतात. परंतु नोकरशहा हाही कोणाचा तरी नोकर असतो आणि त्याच्या घरीही चूल असते.

शिवाय मधला व्यवस्थापक गेला म्हणजे देखरेख गेली, असे नाही. लक्ष्य ठरविणे, तुलना करणे, मागे पडलेल्याला दाखवून देणे ही त्याची कामे आता माहिती-व्यवस्था करते. महाविद्यालयीन अध्यापकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने आपल्यासाठी 'एपीआय' गुणांचे कोष्टक आणले, तेव्हा विभागप्रमुखाची मर्जी सांभाळण्याचा त्रास थोडा कमी झाला खरा. पण त्याच वेळी कोणते काम गुण देते आणि कोणते देत नाही, याचा हिशेब प्रत्येकाच्या मनात सुरू झाला. ज्या संशोधनपत्रिका त्या काळात उगवल्या, त्यांची संख्या आठवावी. माणसाशी वाद घालता येतो. कोष्टकाशी घालता येत नाही.

नेतृत्वासंबंधी आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. सूक्ष्म-उद्यमाचा प्रमुख बदलता येतो, असे ही व्यवस्था सांगते. परंतु स्वतः झांग 1984 पासून नोव्हेंबर 2021 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 37 वर्षे, शिखरावर राहिले आणि त्यांच्यानंतर सूत्रे आली ती 1988 पासून समूहातच असलेल्या झोउ युनजिए यांच्याकडे. उतरंड मोडण्याचा निर्णयही उतरंडीच्या टोकावरूनच आला होता. ही टीका झांग यांच्या कर्तृत्वावर नाही. इतके मोठे परिवर्तन दीर्घ व केंद्रित सत्तेवाचून घडले असते काय, हा प्रश्न आपली पाठ्यपुस्तके विचारत नाहीत, एवढेच दाखवायचे आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला येथे सहकाराची तुलना सुचेल. हायर समूह कायद्याने सामूहिक मालकीचा उद्योग म्हणून वाढला, तर आपल्याकडे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या साखर कारखान्यात सभासदाला मालक केले. प्रवरेचा सभासद भागधारक होता व मतदारही होता. पुढे त्या मताचे काय झाले, हे आपण जाणतोच. तरी तो हक्क कागदावर त्याचा होता. सूक्ष्म-उद्यमातील माणसाला नफ्यात वाटा मिळतो व तोट्याची झळही पोहोचते. समूहाच्या दिशेवर मात्र त्याचे मत नसते. जोखमीचे विकेंद्रीकरण आणि सत्तेचे विकेंद्रीकरण या दोन भिन्न गोष्टी आहेत.

यंत्र कोणाचे?

हायरच्या दंतकथांमध्ये रताळ्यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. 1990 च्या दशकात सिचुआन प्रांतातील शेतकऱ्यांच्या वॉशिंग मशीनची निचरा-नळी तुंबू लागली. चौकशीअंती कळले की, ते त्यात रताळी धूत होते. ग्राहकाला शहाणपण शिकविण्याऐवजी हायरने रुंद नळीचे यंत्र बनविले. ही गोष्ट मला आजही मनापासून आवडते. वापरणारा यंत्राचे काय करतो, हे ठरविण्याचा अधिकार त्यात वापरणाऱ्याकडे राहिला आहे.

तिच्याशेजारी जानेवारी 2024 मधील घटना ठेवून पाहावी. यंत्रे आता इंटरनेटशी जोडलेली होती. युरोपातील एका स्वतंत्र विकसकाने हायरची उपकरणे 'होम असिस्टंट' या मुक्त व्यवस्थेतून चालविता यावीत, यासाठी जोड-आज्ञावली लिहून विनामूल्य उपलब्ध केली होती. आपले आर्थिक नुकसान होत असल्याचे सांगून कंपनीने ती काढून टाकण्याची नोटीस पाठविली. वापरकर्त्यांत संताप उसळला, आज्ञावलीच्या असंख्य प्रती निघाल्या आणि कंपनीने पवित्रा बदलून सहकार्याची भाषा सुरू केली. विकसकाने केले होते ते रताळी धुण्याचेच काम. या वेळी मात्र नळी रुंद करण्याआधी नोटीस निघाली.

हा फरक कोणा अधिकाऱ्याच्या स्वभावाचा नव्हे. साधे यंत्र विकले की व्यवहार संपत असे. जोडलेले यंत्र विकल्यावर व्यवहार सुरू होतो. त्यातून निघणारी माहिती ही कंपनीची नवी मिळकत असते व ग्राहक कोणत्या दारातून आत येतो, याला पैशाचे मोल येते. युरोपीय संघाचा डेटा कायदा 12 सप्टेंबर 2025 पासून लागू झाला आणि त्याने वापरकर्त्याला अशा माहितीवर हक्क दिला. आपला 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीविषयी बोलतो. यंत्राची माहिती उचलून दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क तो देत नाही.

'कॉस्मोप्लॅट' या औद्योगिक मंचाविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. ग्राहकाची निवड थेट कारखान्यापर्यंत पोहोचवून मोठ्या प्रमाणावर सानुकूल उत्पादन करण्याची ही व्यवस्था असून, 2018 मध्ये जागतिक आर्थिक मंचाने निवडलेल्या पहिल्या नऊ 'दीपगृह' कारखान्यांत हायरच्या चिंगदाओ येथील कारखान्याचा समावेश होता. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे यश निर्विवाद आहे. श्रेयाच्या वाटपात मात्र सावधगिरी हवी. 2016 मध्ये हायरने 5.4 अब्ज डॉलरना अमेरिकेचा जीई अप्लायन्सेस हा व्यवसाय घेतला. तेथील लोकसहभागातून उत्पादने घडविणारी 'फर्स्टबिल्ड' ही कार्यशाळा लुईव्हिल येथे 2014 मध्येच, म्हणजे हायर येण्यापूर्वी, सुरू झाली होती.

रांजणगाव

या साऱ्याचा आपल्याशी संबंध दूरचा नाही. पुणे–नगर रस्त्यावरील रांजणगावचा फ्रिज कारखाना हायरने 2007 मध्ये घेतला आणि 2017 मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. भारतीय घरांत बर्फाच्या कप्प्यापेक्षा भाजी-दुधाचा कप्पा अधिक वेळा उघडला जातो, हे ओळखून तो वर व बर्फाचा कप्पा खाली ठेवणारे फ्रिज हायरने येथे पुढे आणले. सतत वाकावे लागणाऱ्या गृहिणीच्या पाठीचा विचार त्यात होता. रताळ्यांच्या परंपरेतील हे उदाहरण आपल्या विद्यार्थ्यांना चिंगदाओच्या हातोड्यापेक्षा जवळचे वाटावे.

औद्योगिक भेटीच्या निमित्ताने आपले विद्यार्थी अशा कारखान्यांत जातात. तेथे त्यांना सभागृहात चित्रफीत दाखविली जाते, उत्पादन-रेषा काचेपलीकडून दाखविली जाते आणि अहवालात ते तेच लिहितात. या भेटीत एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाचाही समावेश करावा, असे मी सुचवीन. मागील वर्षी माझ्या घरी एका कंपनीच्या वॉशिंग मशीनसाठी असा एक जण आला होता. आवाज ऐकूनच त्याने दोष ओळखला, दहा मिनिटांत काम संपविले आणि नंतर अर्धा तास तो मोबाईलला रेंज मिळावी म्हणून जिन्यात उभा राहिला. ओटीपी भरल्याखेरीज तक्रार 'बंद' होत नव्हती आणि ती ठरलेल्या वेळेत बंद झाली नसती तर त्या दिवसाचे त्याचे गुण कापले गेले असते.