दैनंदिन पर्जन्यचक्र व मॅडन-ज्यूलियन आंदोलन

मॅडन व ज्यूलियन यांनी १९७१ साली निदर्शनास आणलेले ४० ते ५० दिवसांचे आंदोलन पूर्वेकडे सरकताना सुमात्रा-बोर्निओच्या द्वीपसमूहापाशी पुष्कळदा क्षीण होते. याचा दोष केवळ तेथील डोंगरांच्या माथी मारणे अपुरे होय. बेटांवर पाऊस दुपार उलटल्यावर भरास येतो, रात्री किनारा ओलांडतो व लगतच्या समुद्रावर पहाटे जोर धरतो. आंदोलनाचा मुख्य मेघपट्टा येण्यापूर्वीच, मोकळ्या उन्हामुळे, हे चक्र बळावते. अनेक गणिती प्रतिमाने मात्र हा पाऊस मध्यान्हीच पाडतात. आणि त्यांची परीक्षा बहुधा दैनिक सरासरीवर! तीत प्रहराची चूक दिसावी कशी? प्रहर चुकला की मेघछाया, भूमीचे तापणे व खारे-मतलई वारे यांचा मेळच बिघडतो. अशा प्रतिमानाचे आंदोलनाविषयीचे उत्तर जुळले, तरी ते कोणत्या कारणाने जुळले हे प्रथम तपासावयास हवे.