निर्वात सक्शन कपची निवड व जोडणी : प्रचलित गणनापद्धतीची चिकित्सा (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना : पत्रा, काच, खोके किंवा पोते उचलण्यासाठी कारखान्यांत निर्वात सक्शन कप वापरले जातात. कप वस्तूला ओढून धरतो, हा समज शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. कपमधील हवा काढल्यावर बाहेरील वातावरणाचा दाब वस्तूला कपवर दाबून धरतो. दाबातील फरक गुणिले कपचे क्षेत्रफळ म्हणजे धारणबल, हे सूत्र त्यातूनच येते. सूत्र निर्दोष आहे. मात्र त्याच्या रूढ वापरामागे समुद्रसपाटीचा दाब, गळतीरहित पृष्ठभाग आणि कपशी लंब भार ही तीन गृहीतके दडलेली असतात. बीड जिल्ह्यात ही तिन्ही तपासणे अगत्याचे ठरते.

उंची : बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने तेथील वातावरणाचा दाब सुमारे ६ टक्के कमी असतो. ५० मि.मी. व्यासाचा कप ६० टक्के निर्वातावर समुद्रकाठी ११९ न्यूटन बल देतो. बीडमध्ये ते ११२ न्यूटनच भरते.

भाराची दिशा : १० किलोच्या पत्र्याचे वजन ९८ न्यूटन, म्हणजे एक कप पुरेसा वाटतो. परंतु ५ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरण, ०.५ घर्षणांक आणि दीडपट सुरक्षा धरल्यास आडवा पत्रा सरळ उचलण्यास २२२ न्यूटन, तर आडवा हलविण्यास २९७ न्यूटन बल लागते. पत्रा उभा धरून दुप्पट सुरक्षा घेतल्यास ही गरज ५९२ न्यूटनपर्यंत जाते. कपांची संख्या अनुक्रमे दोन, तीन व सहा होते. पत्रा तेलकट असल्यास घर्षणांक आणखी घसरतो आणि उभी पकड अव्यवहार्य ठरते.

पृष्ठभाग : पाठ्यउदाहरणांतील वस्तू बहुधा गुळगुळीत पत्रा असते. या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत मात्र ५० किलोचे विणलेले पोते हाताळावे लागते. विणीतून हवा सतत आत शिरत असल्याने खोल निर्वात टिकत नाही. तेथे मोठ्या क्षेत्रफळाचा कप आणि अधिक हवा खेचणारा ब्लोअर योग्य ठरतो. निर्वाताची पातळीही प्रत्यक्ष पोत्यावर मोजूनच धरावी लागते. कापसाच्या गाठीसाठी यांत्रिक पकडच श्रेयस्कर.

जोडणी : कप वस्तूच्या गुरुत्वमध्याभोवती समतोल बसवावेत. उंचीतील फरकासाठी स्प्रिंगदार दांडा, तर असमान पृष्ठभागासाठी घड्यांचा कप उपयुक्त असतो. तेलकट पत्र्यास नायट्राइल रबर चालते. रंगकामाच्या विभागात सिलिकॉन टाळावे, कारण त्याच्या अंशामुळे रंगावर खड्डे पडतात. वीज गेल्यास भार तत्काळ सुटू नये म्हणून एकदिशा झडप व निर्वात साठा आवश्यक आहे. सच्छिद्र पोत्यावर मात्र या उपायाचा भरवसा धरता येत नाही; अशा भाराखाली कोणी उभे न राहणे हाच खरा बचाव होय.

निष्कर्ष : उत्पादकाचा तक्ता हा निवडीचा आरंभ आहे, निर्णय नव्हे. विद्यार्थ्याला सूत्राबरोबर त्याची गृहीतकेही शिकविली पाहिजेत. कारण गणनेतील चूक उत्तरपत्रिकेत दोन गुणांची असली, तरी कारखान्यात तिची किंमत भाराजवळ काम करणाऱ्या हमालाला मोजावी लागते.