पडदा नसलेला यंत्रमानव काय शिकवतो?

शाळांना साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांत अलीकडे एक नवे पान दिसू लागले आहे. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी चाकांवर चालणारे छोटे यंत्रमानव! कुणाचा आकार मधमाशीचा, कुणाचा उंदराचा, तर कुणी नुसताच लाकडी ठोकळा. संगणक नको, मोबाईल नको. पाठीवरची बटणे दाबावीत किंवा ठोकळे ओळीने मांडावेत, की यंत्र त्याच क्रमाने चालते. 'पडद्याविना कोडिंग' असे त्याचे वर्णन केलेले असते. २०२० नंतरच्या करोनाकाळात मुले तासन्‌तास मोबाईलसमोर बसलेली पाहून पालक धास्तावले होते, त्यामुळे 'पडदा नाही' हे शब्द विक्रीला चांगलेच उपयोगी पडतात. नागपुरातील शिक्षकांशी बोलताना आम्हांला हा प्रश्न आता नेहमी ऐकू येतो : बालवर्गासाठी हे खेळणे घ्यावे का?

पडदा नसणे हा गुण आहे हे मान्यच. पण एखादी गोष्ट नसणे म्हणजे शिक्षण नव्हे. लगोरीलाही पडदा नसतो. तेव्हा खेळण्यात काय नाही यापेक्षा काय आहे, ते पाहू.

कल्पना मुळात नवी नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फॉयर्झाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. थोड्याच वर्षांत तिला जमिनीवर चालणारे एक यंत्रकासव जोडले गेले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा आज्ञा दिल्या की कासव चाले आणि पोटाशी लावलेल्या पेनाने कागदावर आकृती काढी. पॅपर्ट यांनी त्याआधी जिनिव्हात ज्याँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षे काम केले होते. मूल हाताने आणि शरीराने विचार करते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले होते. कासवाने चौरस कसा काढावा हे मुलाला सुचेना, तर ते त्याला म्हणत : तूच कासव हो आणि चालून बघ. या सगळ्या प्रकारातला कळीचा मुद्दा हा आहे. यंत्र हे मुलाच्या शरीराचे प्रतिनिधी आहे, शरीराला पर्याय नाही.

पुढचे पाऊल आजच्या खेळण्यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. १९७०च्या दशकाच्या मध्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीने, ज्यांना अजून वाचता येत नाही अशा मुलांसाठी, हेच कासव चालवण्याची साधने बनवली. (याच पर्लमन पुढे संगणकांच्या जाळ्यांसाठीच्या कामामुळे प्रसिद्धीस आल्या.) पहिले साधन बटणांच्या पेट्यांचे होते. त्यांत आज्ञा लक्षात ठेवण्याची सोयही होती, पण लक्षात ठेवलेले काही डोळ्यांना दिसत नसे. दुसऱ्या साधनात प्लॅस्टिकची पत्ती खाचांत ओळीने खोचायची, आणि जी आज्ञा चालू असेल त्या पत्त्यापाशी दिवा लागायचा. एका ओळीतून दुसऱ्या रंगाची ओळ चालवण्याचा पत्ताही होता. म्हणजे आज्ञावली ही हातात धरता येणारी, बोटाने दाखवता येणारी, पत्ता काढून दुसरा घालता येणारी वस्तू झाली.

आता बाजारातील खेळण्यांकडे वळू. इंग्लंडमध्ये तयार झालेली मधमाशीच्या आकाराची 'बी-बॉट' सर्वांत परिचित. ती एका आज्ञेला १५ सेंटिमीटर पुढे किंवा मागे जाते, किंवा काटकोनात वळते. जुन्या प्रकारात ४० आज्ञा साठत. यंत्र मजबूत आहे, मुलांना आवडते, यात शंका नाही. परंतु बटणे दाबून झाली की काय दाबले याची खूण कुठेच उरत नाही. माशी भलतीकडे गेली तर चूक तिसऱ्या आज्ञेत होती की पाचव्या, हे शोधायला मुलाजवळ काही नसते. शिवाय जुन्या आज्ञा पुसण्याचे वेगळे बटण आहे. ते दाबायचे राहिले तर नव्या आज्ञा जुन्यांच्या शेपटीला जोडल्या जातात आणि माशी आधीचाच मार्ग पुन्हा चालू लागते. पाच वर्षांच्या मुलाला हे यंत्राचे वेड वाटते. मग ते विचार सोडून भराभर बटणे दाबते. विज्ञान केंद्राच्या सहलीत प्रत्येक प्रयोगाचे बटण दाबून पुढे पळणारी मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

पर्लमन यांनी पन्नास वर्षांपूर्वी सोडलेली पहिली पायरीच आज बरीच खेळणी पुन्हा विकतात, असे आमचे मत आहे. याला अपवाद आहेत. 'क्युबेटो' या लाकडी यंत्रात रंगीत ठोकळे फळीच्या भोकांत बसवायचे असतात, आणि चार आज्ञांची एक वेगळी ओळ बनवून ती एकाच निळ्या ठोकळ्याने हवी तेव्हा बोलावता येते. पॅपर्ट यांच्या विद्यार्थिनी मरीना बेर्स यांच्या संशोधनातून आलेल्या 'किबो'मध्ये लाकडी ठोकळ्यांवरच्या रेघा यंत्र एकेक करून वाचते. दोन्हींत आज्ञावली मुलासमोर पडलेली राहते. ही दोन्ही खेळणी आपल्या बहुतेक शाळांना परवडणारी नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मुले सर्वांत जास्त कुठे अडतात? वळण्यापाशी. उजवा बाण दाबला की यंत्र उजवीकडच्या चौकोनात जाईल असे मुलाला वाटते. प्रत्यक्षात ते जागच्या जागी वळते आणि थांबते. शिवाय यंत्राचे तोंड मुलाकडे असेल तर यंत्राची उजवी बाजू मुलाच्या डावीकडे येते. दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहणे या वयात अवघड असते, म्हणूनच हा अडथळा मोलाचा आहे. आपल्या शाळांत त्यावर उत्तम उपाय आयता आहे. कवायतीत 'दहिने मुड' म्हटले की मूल जागेवरच वळते, पुढे सरकत नाही. कवायत झालेल्या मुलांना खेळण्याची आठवण करून देण्यापेक्षा, खेळण्यापुढे अडलेल्या मुलांना कवायतीची आठवण करून द्यावी.

या खेळांनी तर्कशक्ती वाढते, हा माहितीपत्रकांतला दावा मात्र जपून घ्यावा. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजातील रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना वर्गातील कामांचे नियोजन करायला दिले. न शिकलेल्या मुलांपेक्षा ती सरस ठरली नाहीत. पॅपर्ट यांनी या निष्कर्षावर कडक टीका केली. साधनाचा परिणाम एकट्या साधनाचा नसतो, भोवतालच्या शिकण्याचा असतो, असा त्यांचा रोख होता. पण मग हीच गोष्ट विक्रेत्यांनाही लागू पडते! १९८८ मध्ये शेरॉन कार्व्हर आणि डेव्हिड क्लार यांनी वेगळा मार्ग घेतला. त्यांनी मुलांना चूक शोधण्याची पद्धतच शिकवली : काय व्हायला हवे होते, काय झाले, फरक कुठून सुरू झाला. ही मुले नंतर संगणकाशी संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही अधिक चांगल्या शोधू लागली. म्हणजे फळ यंत्राला लागत नाही, यंत्राभोवती शिक्षक जे प्रश्न विचारतो त्यांना लागते.

असे असेल तर सुरुवात यंत्राशिवाय का करू नये? अंगणात खडूने पाच बाय पाच चौकोन आखावेत. एक मूल यंत्र होईल, दुसरे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर बाण काढून आज्ञापत्रे मांडेल, तिसरे चूक कुठे झाली ते बोट ठेवून सांगेल. (विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तरी हे सकाळीच उरकलेले बरे.) पुनरावृत्ती शिकवायला लेझीम आहे : चार मोजांचा एक हात, तो आठ वेळा, मग पुढचा. ठिपक्यांच्या रांगोळीत तर आज्ञावली उघडच आहे. चेन्नईत गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी १९७०च्या दशकात कोलम रांगोळ्यांच्या रचनेचा संगणकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला, तो याचमुळे.

नागपूरपासून जेमतेम पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला १९३७ च्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिकण्याचा विचार मांडला गेला. नागपूर महापालिकेच्या शाळांतील मुले अपूर्व विज्ञान मेळाव्यात स्वस्त वस्तूंतून प्रयोग मांडतात. इथल्या शिक्षकाला पुठ्ठा आणि खडू यांचे वावडे असण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कोडिंगची जागा सहावी ते आठवीच्या टप्प्यात ठेवली आहे, बालवर्गात नव्हे. त्यामुळे 'आमचे मूल मागे पडेल' या पालकांच्या भीतीला आधार नाही.

तरीही यंत्राचा एक गुण मुलाला यंत्र बनवून मिळत नाही, तो न सांगणे अन्यायाचे होईल. मूल यंत्र झाले की ते समजून घेते. मित्राने 'वळ' म्हणायचे विसरले तरी खाऊ कुठे ठेवला आहे हे त्याला दिसत असते, आणि ते हळूच वळते. यंत्र असे करत नाही. जे सांगितले तेच करते, आणि आपण बोललो ते व आपल्या मनात होते ते यांतले अंतर उघडे पाडते. अंगणातला खेळ महिनाभर झाल्यावर, मुले एकमेकांवर 'तू लबाडी करतोस' म्हणून भांडू लागली की मग यंत्र आणावे. तेव्हा त्याचे कोरडेपण मुलांना आवडेल.

घ्यायचेच ठरले तर वर्गाला एकदोन नग पुरतात, कारण खरा खेळ आज्ञापत्रांचा असतो. नग घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर चार आज्ञा देऊन चालवून पाहावे आणि दुसरीच आज्ञा तेवढी बदलून द्यायला सांगावे. त्यासाठी सगळे पुसून पहिल्यापासून बटणे दाबावी लागत असतील, तर किमतीबाबत घासाघीस करायला हरकत नाही.