पडद्यावरचे पाठभेद : चित्रपटांच्या गृह-आवृत्त्या आणि पाठचिकित्सा

चित्रपटांच्या डीव्हीडी आणि ब्ल्यू-रे चकत्यांचा संग्रह करणाऱ्या रसिकांमध्ये 'ट्रान्स्फर'च्या दर्जाविषयी जे वाद झडतात, त्यांकडे साहित्याभ्यासकांनी छंदिष्टांचा कालापव्यय म्हणून पाहण्याची प्रथा आहे. चित्र धूसर आहे, चौकट वरून-खालून कापली आहे, आवाज मुळापेक्षा चढा लागतो, विशेष आवृत्तीत समाविष्ट केलेले दृश्य प्रथम प्रदर्शनाच्या वेळी नव्हतेच, अशा या तक्रारी असतात. वरवर पाहता त्या तांत्रिक आहेत. तथापि त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याभ्यासाला मुळीच अपरिचित नाही. एका कृतीच्या परस्परभिन्न प्रती उपलब्ध असताना कोणत्या प्रतीला त्या कृतीचे प्रामाण्य द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. मराठीत त्याच्या विचाराला पाठचिकित्सा हे नाव आहे.

या विचाराची मराठी परंपरा जुनी आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ. स. 1584 मध्ये, ज्ञानेश्वरीचे पाठशुद्धीकरण केले आणि तिच्यात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असा इशाराही दिला. शुद्ध करणारा आणि भर घालणारा यांच्यामध्ये त्यांनी स्पष्ट रेषा आखली. पुढे वि. का. राजवाडे यांनी 1909 मध्ये ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून मानलेली प्रत छापली, तेव्हा शुद्धीकरणाने भाषेची प्राचीन रूपे पुसली जातात काय, हा प्रश्न ऐरणीवर आला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात वि. स. सुखठणकर यांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची जी भूमिका मांडली, तीही येथे मोलाची आहे. व्यासांचे आद्य महाभारत हाती देण्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे ज्या सर्वांत जुन्या रूपापर्यंत पोचता येते ते द्यावे आणि उरलेले पाठ तळटीपांत वाचकासमोर ठेवावेत, एवढाच त्यांचा दावा होता.

चित्रपटाच्या बाबतीत 'पाठ' कोणत्या टप्प्यांवर बदलतो, हे आधी पाहिले पाहिजे. सिनेमागृहात बोलपट सेकंदाला 24 चौकटी या वेगाने चालतो. पाल पद्धतीच्या दूरदर्शनसंचासाठी त्याचे ट्रान्स्फर करताना तो बहुधा 25 चौकटींच्या वेगाने धावविला जाई. त्यामुळे चित्रपट सुमारे चार टक्के आखूड होतो आणि स्वरमान दुरुस्त केले नाही तर सर्व ध्वनी वर चढतो. हा चढ षड्ज आणि कोमल ऋषभ यांमधील अंतराच्या सुमारे सत्तर टक्के भरतो. 'संत तुकाराम' (1936) सारखा 131 मिनिटांचा चित्रपट या रीतीने सव्वापाच मिनिटांनी कमी होईल आणि विष्णुपंत पागनीस यांच्या गायनाची पट्टीच बदलेल. जुनी चौकोनी चित्रचौकट आजच्या रुंद पडद्यावर पूर्ण भरेल अशी बसविली, तर चित्राच्या उंचीचा जवळजवळ चतुर्थांश भाग नाहीसा होतो. व्हीसीडीवरील चित्रबिंदूंची संख्या तर डीव्हीडीच्या सुमारे एक-चतुर्थांशच असे. मराठी घरांत जुना चित्रपट पुन्हा पाहिला गेला तो पुष्कळदा याच स्वस्त माध्यमातून.

रसिकांच्या वादात सामान्यतः दोन पक्ष दिसतात. पहिल्याला स्वच्छतावादी म्हणता येईल. ओरखडे, थरथर, फिल्मवरील कण हे सारे त्याला काळाने चढविलेला मळ वाटतो. दुसरा पक्ष मूलनिष्ठ आहे. संगणकाने कण पुसले की चेहऱ्यावरचा पोतही पुसला जातो आणि माणसे मेणाची दिसू लागतात, हे त्याचे म्हणणे. पहिल्या पक्षाची चूक उघड आहे. ओरखडा हा प्रतीचा दोष असतो, कण हा मात्र फिल्म या द्रव्याचा गुणधर्म असतो, आणि लेखनिकाचा प्रमाद व ग्रंथकाराची भाषा यांत जो भेद आहे तोच येथे विसरला जातो. दुसऱ्या पक्षाची चूक सूक्ष्म आहे. कोठेतरी एकच एक निर्दोष 'मूळ' आहे, असे तो गृहीत धरतो. चित्रपटाच्या इतिहासात असे मूळ क्वचितच आढळते.

'शोले' (1975) हे याचे सर्वज्ञात उदाहरण. आणीबाणीच्या काळात सेन्सॉर मंडळाच्या आक्षेपामुळे त्याचा शेवट बदलण्यात आला. मूळ शेवटासह पुनःस्थापित केलेली आवृत्ती 2025 मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखविण्यात आली. दिग्दर्शकाचा हेतू प्रमाण मानला तर ही आवृत्ती श्रेष्ठ ठरते. पण पन्नास वर्षे प्रेक्षकांच्या स्मृतीत जो 'शोले' रुजला तो दुसराच होता, आणि अभिग्रहणाच्या अभ्यासकाला तो डावलता येत नाही. 'मुघल-ए-आझम' (1960) ची गोष्ट याहून वेगळी आहे. 2004 मध्ये तो रंगीत करून आणि सुमारे वीस मिनिटांनी आखूड करून प्रदर्शित झाला. ते पुनःस्थापन नव्हते, नवसंस्करण होते. त्याला प्रेक्षक लाभले यात वावगे काही नाही, परंतु एकनाथांनी आखलेली रेषा येथे ओलांडली गेली आहे. शुद्ध प्रत आणि नवी रचना ही एकाच नावाने वावरू लागली की पाठचिकित्सेला हात घालावाच लागतो.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न भाषिक आवृत्त्यांचा आहे. प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' (1932) पासून अनेक चित्रपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत स्वतंत्रपणे चित्रित केले. 'शेजारी' (1941) मध्ये केशवराव दाते आणि गजानन जागीरदार यांच्या भूमिका होत्या, तर 'पडोसी'त जागीरदारांसमवेत मजहर खान होते. हिंदू शेजारी मुसलमान नटाने आणि मुसलमान शेजारी हिंदू नटाने साकारणे हा हिंदी आवृत्तीचा अर्थगर्भ विशेष मराठी आवृत्तीत नाही. म्हणजे ही भाषांतरे नव्हेत, या दोन संहिता आहेत. या व्यवहाराची कक्षा मद्रासपर्यंतही पोचली होती. प्रभातच्या कोल्हापूर येथील स्टुडिओत बाबूराव पेंढारकर यांच्या दिग्दर्शनाखाली 'सीता कल्याणम्' (1934) हा तमिळ बोलपट तयार झाला. पुढे त्याच मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, प्रसाद या संस्थेने जुन्या चित्रपटांच्या संगणकीय पुनःस्थापनेचा मोठा व्याप उभा केला. गृह-आवृत्तीच्या व्यवहारात एक भाषिक आवृत्ती सहज मिळते आणि दुसरी मिळत नाही, तेव्हा मिळणारीच 'तो चित्रपट' होऊन बसते.

8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील साठागृहाला आग लागून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातील शेकडो चित्रपटांची नायट्रेट फिल्म जळाली. त्या दिवसानंतर अनेक चित्रपटांच्या बाबतीत प्रतीची प्रत हाच उपलब्ध पुरावा राहिला आहे. अशा स्थितीत ट्रान्स्फर करणारा तंत्रज्ञ लेखनिक राहत नाही, तो संपादक होतो. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीची निगेटिव्ह 1993 मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली होती. 2015 मध्ये तिचे पुनःस्थापन झाले, तेव्हा 'पथेर पांचाली'चा सुमारे 40 टक्के भाग मूळ निगेटिव्हवरून आणि उरलेला इतर ठिकाणच्या प्रतींवरून घेतल्याचे जाहीरपणे सांगितले गेले. त्या आवृत्तीचे श्रेष्ठत्व चित्राच्या लखलखाटाइतकेच या कबुलीत आहे.

विशेष आवृत्तीची खरी कसोटी येथे मिळते. चकतीसोबत मुलाखती, छायाचित्रे, वगळलेली दृश्ये किती दिली, यावरून ती ठरू नये. कोणत्या प्रतीवरून ट्रान्स्फर केले, ती प्रत कोठे आहे, तिची लांबी सेन्सॉर प्रमाणपत्रावरील लांबीशी जुळते काय, कोणती त्रुटी कशाने भरून काढली, हे जी आवृत्ती सांगते तीच चिकित्सक आवृत्ती. 'संत तुकाराम'मधील शांताराम आठवले यांची अभंगवजा रचना अनेकांनी तुकोबांचीच मानली. 1869 आणि 1873 मध्ये छापलेली इंदुप्रकाश गाथा हाती असल्यामुळे त्या समजुतीची शहानिशा करता आली. चित्रपटाच्या प्रतीविषयी अशीच समजूत पसरली, तर ती तपासण्याजोगी गाथा आज हाती नाही. 'राजा हरिश्चंद्र' (1913) म्हणून दाखविली जाणारी रिळे वस्तुतः 1917 च्या आवृत्तीची असावीत, असे काही इतिहासकारांनी प्रतिपादिले आहे. मराठी चित्रपटाचा आद्यग्रंथच पाठनिश्चितीच्या प्रतीक्षेत आहे, असा याचा अर्थ होतो.

2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली 2,200 चित्रपटांच्या पुनःस्थापनेसाठी 363 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाठ नव्याने सिद्ध होत असताना प्रत्येक चित्रपटामागे चार पानांचे प्रतवर्णन असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. अभ्यासकांचे उत्तरदायित्वही तितकेच आहे. हस्तलिखिताचा क्रमांक दिल्याविना पाठाविषयी विधान करण्यास जे धजत नाहीत, तेच चित्रपटाच्या चौकटीविषयी, गतीविषयी किंवा संगीताविषयी लिहिताना समोर असलेली प्रत व्हीसीडी होती की पुनःस्थापित आवृत्ती, याचा उल्लेखही करीत नाहीत. कापलेल्या चौकटीवरून दिग्दर्शकाच्या रचनादृष्टीचे विवेचन करणे म्हणजे फाटक्या पानावरून छंदोभंगाचा निवाडा देणे होय. चकत्यांवरून हुज्जत घालणारा रसिक निदान हातात कोणती प्रत आहे एवढे पाहून बोलतो. संशोधकाने चित्रपटाविषयी पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी तेवढे तरी केले पाहिजे.