मॅरियनबाईंची साथ

रेडिओवर संगीताबद्दल बोलणं हा घसरडा प्रकार आहे. बोलणारा जाणकार असला की व्याख्यान होतं, नसला की कौतुकाचा रतीब. कलावंताला प्रश्न विचारावेत, तर एक तर गुरुकृपेचा हवाला मिळतो, नाही तर 'ते शब्दांत नाही हो सांगता येत'. या सगळ्यातून वाट काढणारा एक कार्यक्रम अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओवर १९७९ पासून तीस वर्षांहून अधिक काळ दर आठवड्याला लागत असे. नाव अगदी साधं, 'पियानो जाझ'. कार्यक्रम तासाभराचा. स्टुडिओत दोन ग्रँड पियानो. एकावर पाहुणा आणि दुसऱ्यावर यजमानीण, मॅरियन मॅकपार्टलंड.

दुसरा पियानो हीच या कार्यक्रमाची खरी युक्ती. मुलाखत घेणारी व्यक्ती वाद्यासमोर बसलेली आहे, म्हणजे तिलाही वाजवावं लागणार. पाहुण्यानं एखादी अवघड जागा घेतली, तर नुसतं 'वा' म्हणून सुटका नाही; पुढच्या पाच मिनिटांत त्याच्याबरोबर तीच चीज वाजवायची आहे. त्यामुळे मॅरियनबाईंचा प्रश्न पत्रकाराचा उरत नाही, तो साथीदाराचा होतो. 'तुम्ही इथं काय केलंत?' असं त्या विचारतात तेव्हा त्यांना उत्तर खरोखरच हवं असतं.

कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्याच 'कलायडोस्कोप' या रचनेनं होते. मग थोड्या गप्पा, पाहुण्याचं एकट्याचं वादन, पुन्हा गप्पा, बाईंचं एखादं वादन आणि मधूनमधून दोघांचं मिळून. उत्तरार्धातल्या पुष्कळ भागांत बाई पाहुण्याचं एक 'व्यक्तिचित्र' तिथल्या तिथे वाजवून काढतात. 'हे आपण मिळून वाजवू या का?' हे वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलेलं होतं, की पॉल डी बॅरोस यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राचं शीर्षकही तेच आहे.

मला सगळ्यांत आवडतं ते या वाक्यानंतरचं अर्धं-पाऊण मिनिट. कुठल्या पट्टीत? आधी कोण? लय काय ठेवायची? एरवी ध्वनिमुद्रणात कापून टाकायचा हा मजकूर इथे तसाच ठेवलेला असतो. मंचावर तंबोरे जुळेपर्यंत जी कुजबूज चालते, ती ऐकायला मिळणाऱ्या श्रोत्याला पुढचं वादन दुप्पट कळतं. जाझमध्ये हे शक्य होतं, कारण 'स्टँडर्ड' म्हणून ओळखली जाणारी गाण्यांची एक सामाईक पुंजी आहे. ब्रॉडवेच्या संगीतिकांतली, चित्रपटांतली ही जुनी गाणी, बहुतेक बत्तीस मात्राखंडांच्या चौकटीतली. ती चौकट दोघांनाही पाठ असते. एका फेरीला 'कोरस' म्हणतात. आपल्या कानाला ते लांबलचक आवर्तनच वाटतं. चौकट ठरलेली आणि आत उपज. आपल्या श्रोत्याला वेगळं काही शिकावं लागत नाही, फक्त कॉर्डची, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांची, सवय करून घ्यावी लागते.

नोव्हेंबर १९७८ मध्ये बिल एव्हान्स यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित झालेला भाग हा या कार्यक्रमाचा कळस मानावा लागेल. एव्हान्स म्हणजे ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या १९५९ च्या तबकडीवरचा पियानो. १९६३ साली त्यांनी 'कॉन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ' काढली. तिच्यातले तिन्ही पियानो त्यांचेच, एकावर एक ध्वनिमुद्रित केलेले. स्वतःशीच संवाद करणारा हा माणूस दुसऱ्या पियानोला जागा देईल की नाही, अशी शंका कोणालाही यावी. प्रत्यक्षात ते मनापासून बोलतात. आवाज खालचा, शांत, विषय मांडणाऱ्या प्राध्यापकासारखा. वाक्य अर्ध्यात सोडत नाहीत.

बाई त्यांना लयीबद्दल विचारतात. एव्हान्सचं एखादं सुरेल वाक्य मात्रांच्या चौकटीत जिथं पडेल असं वाटतं तिथं पडत नाही. किंचित अलीकडे सुरू होतं, पलीकडे संपतं, पुढचं वाक्य त्याच्या शेपटाला धरून येतं. ऐकणारा मनात मात्रा मोजत असेल तर त्याची त्रेधा उडते. एव्हान्स सांगतात, की या सरकवण्यावर आपण कसून मेहनत घेतली आहे. फॅशनशी त्याचा फारसा संबंध नाही. जाझच्या रचनेची, सुरावटीची आणि एका वाक्यामागून दुसरं वाक्य कसं यावं याची आपली जी समजूत आहे तिच्यातून ते येतं. वर्षं सरतात तसं त्यात आणखी खोल जाता येतं. बस्, एवढंच. कोणताही गूढ आविर्भाव नाही. समेच्या अगदी तोंडाशी आणून बाजूला सरकणारे आणि तिसऱ्याच वाटेनं समेवर उतरणारे गवई आपण ऐकलेले असतात. त्यांतल्या किती जणांनी हे इतक्या सरळ शब्दांत आपल्यापुढे ठेवलं?

पण या भागातला खरा मोती पुढे आहे. एव्हान्स म्हणतात, मी जे काही वाजवतो त्याचा एक मूलभूत सांगाडा माझ्या मनात पक्का असतो; त्यातले ठाम बिंदू धरून मधल्या वाटा मी वेगवेगळ्या घेतो. यावर बाई अंदाज करतात: सांगाडा म्हणजे पहिली फेरी एका ढंगानं, दुसरी वेगळ्या ढंगानं, असं काही? एव्हान्स म्हणतात, नाही. आपण बोलतो आहोत ते अमूर्त, इमारतीच्या आराखड्यासारख्या गोष्टीबद्दल. आणि मग 'द टच ऑफ युअर लिप्स' घेऊन ते दाखवून देतात. इंग्रज संगीतकार रे नोबल यांचं हे १९३६ चं गाणं तसं सरळ आहे. आधी त्याची साधी चौकट. मग खर्जातला एक स्वर धरून ठेवायचा आणि वरचे कॉर्ड बदलत न्यायचे. तो खालचा स्वर हलत नाही म्हणूनच वरच्या हालचालीला ओढ येते, हे बोटांच्या टोकावर ऐकू येतं. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला तर हे पहिल्याच क्षणी पटतं.

हे उत्तर मिळालं ते बाईंच्या त्या अंदाजामुळे. साठीला आलेली, चाळीस वर्षं व्यावसायिक वादन केलेली बाई सगळ्या देशासमोर 'म्हणजे असं का?' म्हणून विचारते आणि 'नाही' ऐकून घेते. आपलं ज्ञान मिरवायचा मोह तिथे झाला असता, तर ते पुढचं प्रात्यक्षिक घडलंच नसतं. जाणकारी झाकून ठेवता येणं ही मुलाखतकाराची पहिली विद्या आहे, आणि ती बहुतेकांना येत नाही.

पुढे दोघं मिळून हेन्री मॅन्सिनीचं 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' वाजवतात. एका पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, दोघांना एकशे शहात्तर. दोघांनीही दोन्ही हातांनी वाजवायचं ठरवलं तर सगळा चिखल व्हायचा. म्हणून दुहेरी पियानोवादनाची अर्धी कला न वाजवण्यात असते: खर्ज कोणी सांभाळायचा, सुरावट कोणाकडे, कोणी नुसते कॉर्ड टाकत राहायचे. इथे बाईंचे हात ऐकावेत. आपल्याच कार्यक्रमात दोन पावलं मागे राहून त्या वाजवतात, पण दबून नव्हे. पाहुण्याचं वाक्य संपलं की तेवढ्याच मापाचं एक वाक्य टाकतात आणि बाजूला होतात. उत्तम पेटीवाला गायकाच्या सुराला चिकटून जातो आणि गायकानं श्वास घेतला की ती फट भरतो, त्या जातीचं हे काम आहे.

हा संयम सहज आलेला नव्हता. जन्म १९१८ चा, इंग्लंडमधल्या स्लावचा. लंडनच्या गिल्डहॉल विद्यालयातलं शिक्षण सोडून त्या चार पियानोंच्या एका फिरत्या मनोरंजन पथकात सामील झाल्या. महायुद्धात सैनिकांसाठी कार्यक्रम करताना शिकागोचे कॉर्नेटवादक जिमी मॅकपार्टलंड भेटले. लग्न झालं आणि त्या अमेरिकेत आल्या. लेनर्ड फेदर या समीक्षकानं त्यांच्याबद्दल लिहिलं, की बाई इंग्रज, गोरी आणि त्यात स्त्री, तेव्हा हिचा टिकाव लागणं कठीण. फेदर स्वतः लंडनचेच! १९५२ पासून न्यूयॉर्कच्या 'हिकरी हाउस'मध्ये त्यांनी वर्षानुवर्षं त्रयी चालवली. तिथे पियानोवादक-संगीतकार ड्यूक एलिंग्टन येऊन बसत. 'तुम्ही किती स्वर वाजवता!' असं ते एकदा म्हणाले. बाईंना आधी ती तारीफ वाटली. ती कानउघाडणी होती हे नंतर लक्षात आलं. हा किस्सा त्या स्वतःच सांगत.

रेडिओचा हा कार्यक्रम त्यांच्याकडे आला तो संगीतकार अलेक वाइल्डर यांच्यामुळे. अमेरिकन लोकप्रिय गीतांवरची एक मालिका वाइल्डर यांनी साउथ कॅरोलायनाच्या शैक्षणिक प्रसारण संस्थेसाठी केली होती. पुढच्यासाठी त्यांनी मॅरियनबाईंचं नाव सुचवलं. त्याच संस्थेची निर्मिती आणि नॅशनल पब्लिक रेडिओतर्फे देशभर प्रसारण, अशी व्यवस्था होती. १९६७ च्या कायद्यानं उभं राहिलेलं हे सार्वजनिक प्रसारण अनुदानांवर आणि श्रोत्यांच्या वर्गणीवर चालत असे. दर सात मिनिटांनी साबणाची जाहिरात असती, तर 'कुठल्या पट्टीत?' या प्रश्नाला हवेत राहायला जागा मिळाली नसती.

सुरुवातीच्याच पाहुण्यांत पियानोवादक मेरी लू विल्यम्स होत्या. १९५८ साली आर्ट केन या छायाचित्रकारानं हार्लेमच्या एका रस्त्यावर सत्तावन्न जाझ कलावंतांना एकत्र उभं केलं. त्या प्रसिद्ध छायाचित्रात स्त्रिया तीनच, आणि त्यांतल्या मेरी लू आणि मॅरियनबाई शेजारी-शेजारी उभ्या आहेत. वीस वर्षांनी त्या दोन पियानोंवर बसल्या. मेरी लू सहजासहजी वश होणाऱ्यांतल्या नव्हेत. गप्पांचा लगाम त्या स्वतःकडे घेतात, मनात आलं की गातातही. बाई ते होऊ देतात. एव्हान्सच्या भागात जी एकतानता आहे ती इथे नाही, पण दोन पोक्त बायका एकमेकींना जोखत जोखत वाजवताहेत याची जी खुमारी आहे ती दुसऱ्या कुठल्या भागात मला सापडली नाही.

पुढे युबी ब्लेकसारखे नव्वदी ओलांडलेले वादक आले, ट्रंपेट बाजूला ठेवून पियानोवर बसलेले डिझी गिलेस्पी आले, गाता गाता स्वतःची साथ करणाऱ्या कार्मेन मॅकरे आल्या. नंतरच्या काळात स्टीली डॅन, एल्व्हिस कॉस्टेलो, पंडित रविशंकरांची कन्या नोरा जोन्स अशी जाझच्या कुंपणावरची मंडळीही आली. यांतले काही भाग मला गुळमुळीत वाटतात. पाहुणा पियानोवर तितका तयार नसला, की दुसरा पियानो निव्वळ सौजन्यापुरता उरतो आणि बाईंची 'किती सुंदर!' ही दाद जरा जास्तच वेळा येते. पडद्याआड त्या चांगल्याच शिवराळ होत्या म्हणतात. त्यातला चिमूटभर तिखटपणा रेडिओवर उतरला असता तर बरं झालं असतं.

खाजगी आयुष्यात मात्र त्या डोकावत नाहीत, आणि ते मला योग्य वाटतं. एव्हान्सच्या व्यसनाची कहाणी जाझच्या जगाला ठाऊक होती. त्या तासात तिचा उल्लेख नाही. सप्टेंबर १९८० मध्ये एव्हान्स गेले, अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी. आज त्या भागाचं मोल वाढलं आहे ते, त्यांचं डोकं कसं चालत होतं हे त्यांच्याच आवाजात आणि त्यांच्याच बोटांनी तिथे नोंदलं गेलं म्हणून.

बाईंना स्वरपट्ट्यांचे रंग दिसत. डी म्हणजे डॅफोडिलच्या फुलासारखा पिवळा, बी गडद तांबडा, बी फ्लॅट निळा. असल्या गोष्टी त्या हसतहसत सांगतात. त्यांचं सिद्धांत म्हणून प्रवचन होत नाही.

आपल्याकडे विविध भारतीच्या 'संगीत सरिता'नं पाव तासात सप्रयोग बोलण्याचा फार चांगला पायंडा पाडला. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९५२ पासूनचा. पण आपल्या परंपरेत मैफल एका खोलीत आणि मुलाखत दुसऱ्या खोलीत असते. गायकाशेजारी चाळीस वर्षं बसलेला पेटीवाला किंवा तबलजी स्वतःचं वाद्य पुढ्यात घेऊन गायकाला विचारतो आहे, 'काल मारव्यात तुम्ही त्या जागी थांबलात ते का?' आणि मग दोघं ती जागा पुन्हा करून बघताहेत, असा साप्ताहिक तास आकाशवाणीनं आजही करून पाहावा. त्यासाठी दोन ग्रँड पियानो लागत नाहीत.

मॅरियनबाईंनी २०११ मध्ये कार्यक्रम सोडला आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी, पंच्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. बरेच भाग पुढे सीडींवर निघाले. ऐकायचे तर आधी एव्हान्स ऐका, मग मेरी लू. आणि गप्पांचे तुकडे गाळून नुसतं वादन ऐकू नका. पट्टी ठरवण्याची ती कुजबूज ऐकल्याशिवाय पुढचं वादन निम्मंच हाती लागतं.