उपहासाचे अंतर : थॅकरे आणि हरिभाऊ

विल्यम मेकपीस थॅकरेची ‘व्हॅनिटी फेअर’ १८४७-४८ मध्ये मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झाली. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली. समाजातील दांभिकता हा दोहोंचा समान विषय. भेद आहे तो निवेदकाच्या स्थानाचा. थॅकरेचा निवेदक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ मांडणारा सूत्रधार आहे. पात्रांवर, वाचकावर, प्रसंगी स्वतःवरही तो भाष्य करतो. कारण खेळाबाहेर उभे राहण्याची मोकळीक त्याला आहे. यमूला ती नाही. शंकरमामंजींच्या धार्मिकतेमागचे ढोंग तिला दिसते; पण राहायचे त्याच घरात असते, आणि वैधव्यानंतर सक्तीचे केशवपन तिलाच सोसावे लागते. तिच्या साध्या कथनात उपरोध आहे; मात्र त्याचे हसू होत नाही.

मराठी कादंबरीत उपहास क्षीण का, या प्रश्नाचे उत्तर केवळ लेखकांच्या विनोदबुद्धीत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते. उपहासाला अंतर लागते, आणि ते अंतर समाजात सर्वांना सारखे लाभत नाही. थॅकरे वाचकाला आपल्या हास्यात सामील करून घेतो. हरिभाऊंचे शीर्षक मात्र त्याला प्रश्न विचारून उत्तरदायी ठरवते.