‘नवी शर्त’ : एका संज्ञेची चिकित्सा
महसुली मराठीतील ‘नवी शर्त’ ही संज्ञा मुंबई जमीन महसूल कायद्याच्या १९०१ च्या दुरुस्तीतून रूढ झाली. ती शर्त आजही ‘नवी’च म्हणविली जाते, कारण येथे ‘नवी’ हे विशेषण कालवाचक न राहता निर्बंधवाचक झाले आहे. साहजिकच ‘जुनी शर्त’ म्हणजे निर्बंधमुक्तता, असा अर्थ दृढ झाला.

आदिवासीबहुल अक्कलकुवा तालुक्यातील खापर येथे हा अर्थ अपुरा पडतो. आदिवासी खातेदाराची शर्त उठून सातबाऱ्यावर ‘वर्ग १’ आले, तरी १९७४ साली महसूल संहितेत समाविष्ट झालेले कलम ३६-अ कायम राहते. जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. शर्त जमिनीच्या प्रदानाशी निगडित असते, ही मनाई धारकाच्या जमातीशी. हा भेद संज्ञेत उमटत नाही, हाच तिचा दोष होय.